ओझ्याखाली खोटं बोलायचं नाही

दादाला धंद्यात सगळे लोखंड म्हणायचे. धंदा सामान हलवायचा. लोक घर बदलतात तेव्हा कपाटं, पलंग, पियानो, शिवणयंत्रं, माणसाच्या उंचीचे आरसे हे सगळं कुणीतरी एका जिन्याने खाली आणायचं आणि दुसऱ्या जिन्याने वर चढवायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे दादा आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याचं नाव शेपट्या पडलं होतं, कारण अगदी पोरवयापासून दादा जाईल तिथे तो मागोमाग. त्याने लग्न केलं नाही, वेगळं बिऱ्हाड थाटलं नाही, दादा-वहिनीच्याच पुढच्या खोलीत पथारी टाकून राहिला; त्यांची लेक कामासाठी परगावी गेली तरी हा तिथेच. वहिनी म्हणायची, "नवरा पसंत केला तेव्हा शेपूट दाखवलं नव्हतं कुणी मला." म्हणायची आणि त्याच्या ताटात आधी वाढायची.

जिन्यावर दोन माणसं जड वस्तू नेतात तेव्हा भार सारखा वाटला जात नाही. खरा भार खालच्यावर येतो. उतरताना खालचा उलट्या पावलांनी चालतो, चढताना खालचा मागे राहून रेटतो, आणि वरचा म्हटलं तर नुसता तोल सांभाळतो. दादा कायम खाली. शेपट्याने एकदोनदा जागा बदलायचा विषय काढला, तेव्हा दादा म्हणाला, "शेपूट कधी खाली वजन घेतं का? हलत राहा फक्त." झालं. पुन्हा त्यावर बोलणं नाही.

मध्ये कपाट असलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसतो तो फक्त आवाज, असं शेपट्या म्हणायचा. म्हणून त्या धंद्याची एक भाषा असते. खालचा किंवा वरचा विचारतो, "धरलं?" दुसरा म्हणतो, "धरलं." मगच पाऊल पडतं. "थांब" म्हटलं की थांबायचं, "टेकव" म्हटलं की टेकवायचं, का म्हणून विचारायचं नाही. दादाने शेपट्याला पहिल्याच दिवशी दम भरला होता: "बाकी कुठेही हवं तेवढं खोटं बोल. वहिनीला सांग सिगारेट सोडली म्हणून, मुकादमाला सांग ट्रक बंद पडला म्हणून. ओझ्याखाली खोटं बोलायचं नाही. हात सुटत असेल तर सुटतोय म्हणायचं. तिथे लाज धरलीस तर माणूस मरतो."

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. हे दोघे भाऊ काळे. त्यांची वस्तीच काळ्या माणसांची. ज्यांचं सामान ते हलवायचे ती माणसं बहुतेक गोरी, मुकादम गोरा, ट्रकवाला गोरा. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. दादाने एखादा पियानो एका दमात उतरवला की तो त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "तुमच्या लोकांची हाडंच वेगळी रे बाबा! आमच्यातला असता तर केव्हाच मोडून पडला असता." दोघे भाऊ खूश. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणसाला खालचं काही दिसत नाही, आणि हे दोघे तर त्या झाडावर घर करूनच बसले होते. वस्तीतसुद्धा हीच ऐट. आपली हाडं दणकट, आपलं रक्त दणकट, दवाखाना गोऱ्यांसाठी.

आता गोळ्यांचं. जड काम असलं की सामान हलवणारे सगळेच आधी दुखण्यावरची गोळी घेतात. दुखायला लागल्यावर घेणारा नवशिका. चहाबरोबर गोळी टाकायची आणि दुखणं येण्याआधीच त्याला दार लावून घ्यायचं, ही रीत. गोळ्यांची पत्र्याची डबी शेपट्याच्या खिशात असायची आणि वाटप त्याच्याकडे. त्याचा हिशेब साधा होता: वरच्याला एक, खालच्याला दोन. भार दुप्पट तर गोळ्या दुप्पट. दादावर त्याचा जीव होता, आणि जीव लावायचा त्याच्याकडे हाच एक मार्ग होता. दादाचं तोंड वाकडं दिसलं तर तो स्वतःची गोळीही त्याच्या चहात बुडवून द्यायचा.

दादाची पाठ दुखायला लागली ती बहुधा पन्नाशीच्या अलीकडेच. नुसती पाठ नाही. बरगड्या, खांदे, दंड. तो सांगायचा नाही, पण कपाटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसापासून काय लपतं? शेपट्याला वजनातून कळायचं. पूर्वी दादाच्या बाजूने भार भिंतीसारखा स्थिर असायचा. आता तो मध्येच हलायचा, सावरायचा. पण "धरलं?" विचारलं की "धरलं" असंच उत्तर.

त्याच सुमारास ट्रकवाल्याचीही पाठ धरली. दोघे एकाच दिवशी एकाच दवाखान्यात गेले, एकाच बाकावर बसले. ट्रकवाल्याचं रक्त घेतलं, पाठीचा एक्स-रे काढायला चिठ्ठी दिली, पुन्हा दाखवायला बोलावलं. निघालं काय, तर स्नायू आखडला होता. दादाच्या पाठीवर डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं आणि काय काम करता म्हणून विचारलं. काम ऐकून ते हसले. म्हणाले, "मग दुखणारच की! हाडं बाकी चांगली मजबूत आहेत तुमची." दुखण्यावरच्या जास्त ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. दादा बाहेर आला तो छाती काढूनच. शेपट्याने त्या गोळ्या डबीत भरल्या. हाडं मजबूत आहेत हे बोट लावून कसं कळतं, हा प्रश्न तेव्हा एकाच्याही मनात आला नाही, आणि डॉक्टरांच्या मनात यायला हवा होता असं मला वाटतं.

वहिनीच्या मात्र आधी लक्षात आलं. ती शिवणकाम करायची, तिची नजर बारीक. गोरा माणूस असता तर पांढराफटक पडलेला चार लोकांना दिसला असता. दादाच्या चेहऱ्यावर काय दिसणार? पण त्याचे तळहात पूर्वी लालसर असायचे, ते राखेसारखे झाले होते. एकदा त्याला पाण्याचा पेला देताना तिने त्याचा हात उलटा करून पाहिला.

"भावजी, यांच्या हातात रक्त दिसत नाही हो."

"वय झालं, वहिनी."

"आणि पाणी किती पितात बघितलंत का? माठच्या माठ संपवतात. जिना चढून आले की बोलता येत नाही यांना. हिवाळ्यात दोनदा छाती भरली."

दादा पलंगावरूनच ओरडला, "आमची आई बघितली होतीस ना तू? ती असंच म्हणायची, हे दुखतं, ते दुखतं. तरी शेवटपर्यंत कपडे धूत होती."

ते खरं होतं. आई एका लॉन्ड्रीत डाग काढायच्या कामावर होती. तिथल्या औषधांचा उग्र वास तिच्या केसांतून कधी गेलाच नाही. उतारवयात ती वाकत गेली, वीतभर तरी उंचीने कमी झाली असेल. पोरं चेष्टा करायची, आईचं जमिनीत काहीतरी हरवलंय म्हणून. मग तिची लघवी बंद झाली आणि ती गेली. म्हातारपण, असं सगळे म्हणाले. रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कपाटाचा दिवस उजाडला तो असा. जुनी इमारत, अरुंद जिना, आरसा बसवलेलं भलंमोठं कपाट. दादा खाली, शेपट्या वर. वळणावर शेपट्याला वजन विचित्र वाटलं. एका बाजूला ते रिकामंच लागत होतं.

"दादा, धरलं?"

"धरलं."

शेपट्याने पाऊल टाकलं आणि खालून कडकन आवाज आला. त्याला वाटलं कपाटाचा पाय मोडला. मोडला होता दादाचा दंड, खांद्याखाली, न आपटता, न धडकता, नुसत्या वजनाने. तरी त्या माणसाने कपाट सोडलं नाही. पाठ लावून, भिंतीला रेलून, त्याने ते तोलून धरलं आणि शेपट्या कठड्यावरून उडी मारून खाली येईपर्यंत तसाच उभा राहिला. आरशाला तडासुद्धा गेला नाही. मुकादमाने त्या आरशाचं कौतुक नंतर कितीतरी जणांना सांगितलं.

मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढला. रक्ताच्या आजारांची डॉक्टरीण तरुण होती, हळू बोलणारी. तिने ती फिल्म उजेडासमोर धरली. दादाच्या हाडात गोल गोल भोकं होती, कसर लागलेल्या लोकरीसारखी. फक्त दंडात नाही; बरगड्यांत, मणक्यांत, कवटीतही. शेपट्या बघत राहिला. याच हाडांवर त्याने जन्मभर कपाटं ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हाडांच्या आतल्या मज्जेत काही पेशी असतात, त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात. आजारांशी लढायचं द्रव्य त्या बनवतात. त्यातली एखादी बिघडते आणि स्वतःसारख्याच बिघडलेल्या पेशी वाढवत सुटते. मग हाड पोखरतं, रक्त कमी होतं, बारीकसारीक आजार अंगावर येतात आणि त्या पेशी जे निकामी द्रव्य बनवतात त्याने मूत्रपिंडं तुंबतात. हा एक कॅन्सरच.

"तुमच्या लोकांमध्ये हा आजार गोऱ्यांच्या दुप्पट आढळतो," त्या म्हणाल्या. "आणि कमी वयात."

"आमच्या हाडांमुळे?" दादाने विचारलं. हात गळ्यात बांधलेला होता, तरी आवाजात ऐट होती.

"हाडांमुळे नाही. का, ते पक्कं कुणालाच माहीत नाही. काही भाग रक्ताच्या नात्यातून येत असावा. जास्त वजन, काही रसायनं, यांच्यावर संशय आहे. नीट शोध घ्यायला हवा, पण असे अभ्यास झाले त्यात तुमची माणसं फार थोडी घेतली गेली." मग त्यांनी फिल्म खाली ठेवली. "आणि उशीर. तुमच्या माणसांना हा आजार आहे हे कळायलाच उशीर होतो. औषध काही रंग बघत नाही. वेळेवर मिळालं तर तुमची माणसंही इतरांइतकीच तगतात, कधी थोडी जास्तच."

हे ऐकून वहिनी रडली. आधीचं सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी ऐकलं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की दुखण्यावरच्या गोळ्या घेत होते का. शेपट्याने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, रोज किती म्हणून विचारलं आणि त्याने सांगितलं. वरच्याला एक, खालच्याला दोन, हेही सांगितलं.

"मूत्रपिंडं आजाराने आधीच अडचणीत होती," त्या म्हणाल्या. "या गोळ्यांनी त्यात भर घातली."

शेपट्याला त्या टेबलाखाली जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. पण जमीन कुठे अशी वेळेवर दुभंगते! तो तिथेच बसून राहिला. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या की हा आजार होण्याआधी कितीतरी वर्षं ते द्रव्य रक्तात थोडंसं दिसतं, माणसाला काहीही होत नसतं. बहुतेकांना पुढेही काही होत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. आई तशी गेली म्हणता, भावाला हे निघालं. तेव्हा तुम्हीही रक्त देऊन जा.

"देतो," शेपट्या म्हणाला आणि रक्त घेतात त्या खोलीवरून सरळ चालत बाहेर गेला.

का, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. एक तर भीती, वाघासमोर उभं राहावं तशी. आणि दुसरं म्हणजे, ज्याने भावाला हाताने गोळ्या चारल्या त्याने स्वतःच्या रक्ताची काळजी कोणत्या तोंडाने करायची? घरी दादाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिलं. साफ निघालं." दादाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कूस बदलली.

उपचार सुरू झाले. सुरुवातीला उतारही पडला. हाडांचं दुखणं कमी झालं, दादा पुन्हा चेष्टा करायला लागला. मूत्रपिंडं मात्र सुधारली नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं, आणि घर वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दादाच्या मणक्यांना जिना झेपत नव्हता. मग शेपट्याने एका खुर्चीला सामान बांधायचे पट्टे लावले. दादाला खुर्चीत बसवायचा, वहिनी वरून खुर्चीची पाठ धरायची आणि शेपट्या खाली. जन्मात पहिल्यांदा शेपट्या खाली. खाली ट्रकवाला ट्रक घेऊन उभा असायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो स्वतःहून यायचा आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता दार उघडायचा.

खुर्चीत बसूनही दादाची मुकादमी चालूच. "डावीकडे घे. अगं, तू कशाला ओढतेस, तू तोल सांभाळ. शेपट्या, टाच आधी टेकव." वजन त्याचं काही उरलंच नव्हतं. ज्या माणसाने अख्ख्या शहराची घरं हलवली, त्याला उचलताना शेपट्याच्या दंडाला ताणसुद्धा पडायचा नाही, आणि त्याचंच त्याला रडू यायचं.

एका सकाळी ते असे मधल्या वळणावर आले. खुर्ची तिरपी, पूर्ण भार शेपट्याच्या छातीवर.

"थांब," दादा म्हणाला. शेपट्या थांबला. का म्हणून विचारायचं नसतं.

"धरलं?"

"धरलं."

"नीट धरलं?"

"नीट धरलं, दादा."

"रक्त दिलंस?"

वहिनीने वरून पकड आवळली, ते खुर्चीतून शेपट्याला कळलं.

"ही काय विचारायची जागा आहे?"

"हीच जागा आहे. बोल."

शेपट्याने तोंड उघडलं. 'दिलं' हा शब्द जिभेवर होता, घरात तो कितीदा वापरून झाला होता. पण त्याच्या दोन हातांत भाऊ होता आणि पायाखाली जिना होता. पहिल्या दिवसापासून ओझ्याखाली त्याने कधी खोटं उच्चारलं नव्हतं आणि आताही ते बाहेर येईना.

"नाही दिलं."

"का?"

"तुला मी गोळ्या दिल्या, दादा. मी."

"दिल्यास. मी घेतल्या. तोंड माझंच होतं ना?" दादाला दम लागला होता. "ऐक. कपाटाच्या दिवशी माझा हात सकाळपासून दगड झाला होता. तू विचारलंस, मी धरलं म्हणालो. लोखंड ना मी! त्या कपाटाने तुलाही खाली ओढलं असतं. ओझ्याखाली मी एकदाच खोटं बोललो. तू नको बोलूस. आज रक्त दे."

"देतो."

"नीट सांग."

"आज देतो, दादा."

"हं. चल, कठडा सांभाळ."

माफ केलं वगैरे काही तो बोलला नाही. बोलला असता तर शेपट्याला ते पेललंही नसतं. त्या दिवशी दादा यंत्राला जोडलेला असताना शेपट्या खालच्या मजल्यावर गेला, बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

उत्तर यायच्या आतच दादा गेला. छाती पुन्हा भरली, ताप चढला आणि अंगात लढायला काही शिल्लक नव्हतं. अंत्यविधीला मुकादम आला. डोळे पुसत म्हणाला, "लोखंड होता रे, लोखंड. तुमच्या लोकांची हाडं..."

"नव्हता तो लोखंड," शेपट्या म्हणाला. मुकादमाला तो जन्मात पहिल्यांदा मध्येच तोडत होता. "हाडाला भोकं पडली होती त्याच्या. दुखत होतं त्याला. आमच्या हाडांचं कौतुक सगळ्यांनी केलं, बघितलं कुणी नाही." ट्रकवाला खाली बघत उभा होता.

काही दिवसांनी शेपट्या एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सांगितलं की त्याच्या रक्तात ते द्रव्य आहे. थोडंसं. आजार नाही, औषध नाही, कदाचित कधीच काही होणार नाही. पण ठरावीक काळाने रक्त दाखवायला यायचं, दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि हाड दुखलं तर काम जड आहे म्हणून कुणी घरी पाठवलं तरी तपासल्याशिवाय उठायचं नाही. शेपट्याने मान हलवली. घरी येताना त्याने ती पत्र्याची डबी कचऱ्यात टाकली, मग परत जाऊन उचलली, गोळ्या ओतून दिल्या आणि रिकामी डबी खिशात ठेवली.

घरी वहिनीने दादाचा पलंग रिकामा करून ठेवला होता. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला तो हवा होता. वहिनीला त्या खोलीत तो बघवत नव्हता. दोघांनी पलंग उचलला. शेपट्या खाली, वहिनी वर. कुणाला सांगायची गरज नव्हती.

मधल्या वळणावर वहिनी म्हणाली, "थांबा, भावजी."

तो थांबला.

"धरलं?"

"धरलं, वहिनी."

"काय आलं रक्तात?"

पलंगाच्या आडून त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. नुसती तिची बोटं दिसत होती, लाकडाला घट्ट आवळलेली.

"आहे," तो म्हणाला. "थोडं आहे. आईचं, दादाचं, तेच."

तिच्या बाजूचा भार हलला नाही, तसूभरही नाही.

"म्हणजे पोरीचंही रक्त बघायला हवं."

दादाची लेक परगावी होती, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. बापावर गेली आहे, अशीच दणकट आहे, असं तिच्याबद्दल सगळे कौतुकाने म्हणायचे.

"हो," शेपट्या म्हणाला. "आजच फोन करू."

"ती ऐकायची नाही. मला काय धाड भरलीय, म्हणेल."

"म्हणू दे. मी जातो तिकडे. घेऊन येतो तिला."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

"चला मग," ती म्हणाली. "कठडा सांभाळा."